मियाजिमा: भरती-ओहोटी पाहून आखायचा इतिहासदर्शनाचा एक दिवस

हिरोशिमाला जाणारे बहुतेक प्रवासी मियाजिमासाठी अर्धा दिवस राखून ठेवतात. फेरीबोटीतून उतरायचे, समुद्रातल्या सिंदुरी कमानीसमोर छायाचित्र काढायचे, मंदिराच्या ओवऱ्यांतून एक चक्कर मारायची आणि दुपारच्या आत परतायचे, असा हा क्रम असतो. त्यात कमान पाहून होते, पण बेट पाहायचे राहून जाते. बाराव्या शतकातील ताइरा हे सरदार घराणे, सोळाव्या शतकातील मोरी मोतोनारी आणि तोयोतोमी हिदेयोशी हे सेनानी, आणि एकोणिसाव्या शतकातील मेइजी राजवट या सर्वांच्या खुणा येथे चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. त्या नीट पाहायच्या असतील तर पूर्ण दिवस हवा, आणि त्या दिवसाचा क्रम घड्याळापेक्षा समुद्राच्या पाण्यावरून ठरवायला हवा.

बेटाचे औपचारिक नाव इत्सुकुशिमा असून मियाजिमा हे रूढ नाव आहे. सेतो अंतर्गत समुद्रातील हे सुमारे ३० चौरस किलोमीटरचे बेट प्रशासकीयदृष्ट्या हिरोशिमा प्रांतातील हात्सुकाइची शहरात येते. मंदिर आणि त्यामागील मिसेन पर्वताचे अरण्य यांचा १९९६ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. पूर्वी हे संपूर्ण बेटच देवस्वरूप मानले जाई. त्यामुळे बेटावर जन्म आणि मृत्यू दोन्ही होऊ नयेत असा दंडक होता आणि आजही येथे दफनभूमी नाही. मंदिर जमिनीवर न बांधता भरतीच्या पाण्यात का उभारले, याचे उत्तरही याच श्रद्धेत आहे.

तारीख निवडताना

विमानाचे किंवा शिंकानसेन या वेगवान रेल्वेचे तिकीट काढण्यापूर्वी मियाजिमाचे भरती-ओहोटीचे कोष्टक पाहावे. स्थानिक पर्यटन संघटना ते वर्षभरासाठी प्रसिद्ध करते. त्यात दिवसातील प्रत्येक भरती-ओहोटीची वेळ आणि पाण्याची उंची सेंटिमीटरमध्ये दिलेली असते. दोन आकडे ध्यानात ठेवले की कोष्टक वाचता येते: पाणी २५० सेंटिमीटरच्या वर असेल तेव्हा मंदिर पाण्यावर तरंगल्यासारखे दिसते, आणि १०० सेंटिमीटरच्या खाली गेले की कमानीच्या खांबांपर्यंत कोरड्या पायांनी, फार तर चिखल तुडवत, चालत जाता येते. एकाच दिवसात या दोन्ही अवस्था पाहायला मिळणे हाच उत्तम योग होय.

कोकण किनाऱ्याशी परिचय असणाऱ्यांना उधाण आणि भांग हे शब्द नवे नाहीत, आणि येथेही तोच हिशेब लागू पडतो. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, उधाणाच्या दिवसांत, मियाजिमाला भरती साधारणपणे सकाळी नऊ-दहाच्या सुमारास येते आणि दुपारी तीन-चारच्या सुमारास ओहोटी पूर्ण होऊन पाणी सर्वांत खाली जाते. या दिवसांत भरती आणि ओहोटीच्या पातळीतला फरक चार मीटरच्या जवळपास जाऊ शकतो. म्हणजे सकाळी भरलेले मंदिर आणि दुपारी कमानीचा पायथा, असा क्रम आपोआप जुळतो. अष्टमीच्या आसपास भांगाच्या दिवसांत मात्र पाणी ना पुरेसे चढते ना पुरेसे उतरते. अशा दिवशी कमानीपर्यंत चालत जाण्याची आशा बहुधा सोडावी लागते. तारखेची मोकळीक असेल तर मराठी कॅलेंडरवरील तिथी पाहून पौर्णिमेनंतरचे किंवा अमावास्येनंतरचे दोन-तीन दिवस निवडावेत आणि मग कोष्टकाशी ताडून घ्यावेत.

नोव्हेंबरच्या उत्तरार्धात मेपलची पाने लाल होतात. तेव्हा बेट देखणे असते, पण गर्दीही कमालीची असते. ज्यांना वास्तू पाहायच्या आहेत त्यांनी शनिवार-रविवार टाळलेला बरा. पावसाळी वादळांचा काळ, म्हणजे ऑगस्टच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंतचा, थोडा बेभरवशाचा असतो. १९९१ आणि २००४ च्या वादळांनी या मंदिराचे मोठे नुकसान केले होते. शरद ऋतूत कधी कधी पाणी इतके चढते की ओवऱ्यांच्या फळ्यांवर येते आणि दर्शन काही काळ थांबवावे लागते.

बेटावर पोहोचणे

तोक्योहून शिंकानसेनने हिरोशिमा सुमारे चार तासांवर, तर शिन-ओसाकाहून सुमारे दीड तासावर आहे. त्यामुळे ओसाकाहून एका दिवसात जाऊन येणे शक्य असले, तरी हा लेख ज्या दिवसासाठी लिहिला आहे त्यासाठी आदल्या रात्री हिरोशिमात मुक्काम करावा. हिरोशिमा स्थानकातून जेआरच्या, म्हणजे जपान रेल्वेच्या, सान्यो मार्गावरील गाडी अर्ध्या तासाच्या आत मियाजिमागुची स्थानकावर आणते. शहरातील ट्रामही तेथवर जाते, पण तिला एक तासाहून अधिक वेळ लागतो. ट्रामची हौस परतताना भागवावी, सकाळची वेळ त्यात घालवू नये.

मियाजिमागुची स्थानकापासून धक्का पाच-सात मिनिटांच्या अंतरावर आहे. तेथून जेआर आणि मात्सुदाई या दोन कंपन्यांच्या फेरीबोटी सुटतात आणि दहा मिनिटांत बेटावर नेतात. ऑक्टोबर २०२३ पासून बेटावर येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याकडून १०० येनचा कर घेतला जातो. ज्यांच्याकडे जेआर पास आहे त्यांना जेआरच्या बोटीचे तिकीट लागत नाही, पण हा कर मात्र वेगळा भरावा लागतो. दिवसाच्या मधल्या काही तासांत जेआरच्या बेटाकडे जाणाऱ्या बोटी मुद्दाम कमानीजवळून जातात. जाताना उजव्या बाजूला उभे राहावे.

मोठी बॅग बरोबर असेल तर ती धक्क्यावरील लॉकरमध्ये ठेवावी. खडीच्या वाटा आणि पायऱ्या यांवरून चाकांची बॅग ओढत नेणे हा त्रासच आहे. हरणांबाबतही येथेच सावध व्हावे. ती अंगाशी येतात, निरुपद्रवी दिसतात, आणि हातातला नकाशा किंवा खिशातून डोकावणारे परतीचे तिकीट बघता बघता चघळून टाकतात. त्यांना काहीही खाऊ घालण्यास मनाई आहे. त्यांच्या पोटात प्लॅस्टिक जाऊ नये म्हणून बेटावर कचराकुंड्या फारशा नाहीतच. कचरा साठवायला एक पिशवी जवळ ठेवावी.

सकाळ: इत्सुकुशिमा मंदिर

मंदिर सकाळी साडेसहाला उघडते, बंद होण्याची वेळ ऋतूप्रमाणे बदलते. प्रौढांसाठी प्रवेशशुल्क ३०० येन आहे. उधाणाच्या दिवशी साडेसात-आठच्या सुमारास बेटावर उतरावे. दुकाने अजून उघडलेली नसतात, सहलींच्या बस पोहोचलेल्या नसतात आणि पाणी चढत असते. धक्क्यापासून किनाऱ्याने दहा-पंधरा मिनिटे चालले की दगडी तोरी, म्हणजे मंदिराची कमान, ओलांडून पूर्वेकडील प्रवेशद्वारापाशी आपण येतो. दर्शनाचा मार्ग एकदिशा आहे: पूर्वेकडून आत, पश्चिमेकडून बाहेर. मागे फिरता येत नाही, त्यामुळे आत घाई करू नये.

परंपरेनुसार मंदिराची स्थापना ५९३ साली साएकी नो कुरामोतो याने केली. आज दिसते ती भव्य मांडणी मात्र ताइरा नो कियोमोरीची. आकी प्रांताचा, म्हणजे आजच्या हिरोशिमाच्या पश्चिम भागाचा, तो ११४६ साली सुभेदार झाला. ११६७ मध्ये तो राज्याच्या सर्वोच्च मंत्रिपदी पोहोचला आणि ११६८ च्या सुमारास त्याच्या आश्रयाने मंदिराची पुनर्बांधणी झाली. क्योतोच्या सरदारांच्या वाड्यांची शैली, ज्यात मुख्य दालनापासून दोन्ही बाजूंना लांब ओवऱ्या पसरतात आणि समोर तळे असते, ती त्याने येथे उचलून आणली आणि तळ्याच्या जागी समुद्र घेतला. नंतर आगी लागल्या, वादळे आली, अनेक भाग पुन्हा पुन्हा बांधले गेले. मुख्य गाभाऱ्याची सध्याची वास्तू मोरी मोतोनारीच्या पुढाकाराने १५७१ साली उभी राहिलेली आहे. पण आराखडा कियोमोरीचाच राहिला.

ओवरीत शिरल्यावर पहिल्यांदा खाली पाहावे. फळ्या एकमेकींना चिकटवून बसवलेल्या नाहीत, त्यांच्यामध्ये बारीक फटी ठेवलेल्या आहेत. भरतीच्या लाटेचा खालून येणारा दाब या फटींमधून निघून जातो, वर आलेले पाणीही त्यांतूनच ओसरते, आणि म्हणून फरशी उचकटली जात नाही. भरतीच्या वेळी वाकून पाहिले तर फटीतून पाण्याची हालचाल दिसते. मग खांबांच्या तळाकडे पाहावे. खाऱ्या पाण्याने कुजलेला तळ कापून तेथे नवे लाकूड सांधण्याची पद्धत येथे पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे, आणि अनेक खांबांवर हे सांधे स्पष्ट ओळखू येतात. छपरे हिनोकी वृक्षाच्या सालीच्या थरांची आहेत. त्यांची जाडी कोपऱ्यावरून बाजूने पाहिल्यास चांगली कळते.

गाभाऱ्यात तीन देवींची पूजा होते, त्यांपैकी इचिकिशिमा-हिमे ही प्रमुख. मध्ययुगात तिची सांगड बेन्झाइतेन या देवीशी घातली गेली, आणि बेन्झाइतेन म्हणजे भारतातून चीनमार्गे जपानात गेलेली आपली सरस्वती. वीणेऐवजी तिच्या हाती बिवा हे तंतुवाद्य असते. येथे दर्शन घेताना दोनदा वाकून नमस्कार, दोन टाळ्या आणि पुन्हा एकदा नमस्कार अशी रीत आहे.

गाभाऱ्यासमोरच्या उघड्या मंचावरून, त्याच्या समुद्राकडील टोकाला उभे राहून, कमान अगदी समोर दिसते. छायाचित्रासाठीची रांग येथेच लागते. ती टाळायची असेल तर मंचाच्या मध्यावरील उंच चौथऱ्याकडे लक्ष द्यावे: त्यावर आजही बुगाकु हे दरबारी नृत्य सादर होते. पुढे पश्चिमेच्या ओवरीला लागून नोह या पारंपरिक नाट्यप्रकाराचा पाण्यातला रंगमंच आहे. मोतोनारीने १५६८ मध्ये येथे नोह सादर करवले, सध्याच्या रंगमंचाची मूळ उभारणी १६८० ची, आणि १९९१ च्या वादळात तो कोसळल्यावर पुन्हा उभा केलेला आहे. नोहच्या इतर रंगमंचांखाली घुमण्यासाठी मोठे रांजण पुरलेले असतात, येथे खाली समुद्र असल्याने ते शक्य नाही, म्हणून फळ्यांचीच रचना अशी केली आहे की नटाच्या पावलाचा आवाज घुमतो.

मंदिरातून बाहेर पडल्यावर

पश्चिमेच्या दारातून बाहेर येताच समोर दाइगान-जी हे बौद्ध मंदिर लागते. ते लहान आहे आणि बहुतेक जण तसेच पुढे जातात, पण बेटाचा उत्तरकाळ समजून घ्यायचा तर येथे थांबायला हवे. जपानात शतकानुशतके शिंतो या तेथील मूळ धर्माची आणि बौद्ध धर्माची उपासना एकाच आवारात नांदत होती. १८६८ साली मेइजी सरकारने ती वेगळी करण्याचा हुकूम काढला आणि शिंतो देवस्थानांतून बौद्ध मूर्ती बाहेर पडल्या. इत्सुकुशिमा मंदिरातील बेन्झाइतेनची मूर्ती तेव्हा दाइगान-जीत आली. जपानातील तीन प्रसिद्ध बेन्झाइतेनांमध्ये हिची गणना होते आणि ती वर्षातून एकदाच, १७ जूनला, दर्शनासाठी खुली होते.

जवळच मंदिराचा संग्रह मांडणारे रत्नालय आहे. ताइरा घराण्याने ११६४ साली अर्पण केलेल्या ३३ बौद्ध सूत्र-गुंडाळ्या हा त्यातील सर्वांत मोलाचा ठेवा. मूळ गुंडाळ्या नाजूक असल्याने बहुतेक वेळा प्रतिकृतीच मांडलेल्या असतात, तरी सोन्याचांदीच्या वर्खाने सजवलेल्या कागदाचे काम प्रतिकृतीतही पाहण्याजोगे आहे. त्यापुढचे इतिहास व लोकजीवन संग्रहालय एका जुन्या व्यापारी घराण्याच्या वाड्यात आहे. ते सोमवारी बंद असते. वेळ कमी पडणार असे दिसले तर रत्नालय वगळावे, हे संग्रहालय वगळू नये. गजबजलेल्या दुकानांच्या रस्त्यावर न दिसणारे बेटाचे घरगुती, राबते आयुष्य येथे दिसते.

दाइशो-इन

संग्रहालयापासून चढावर दहा मिनिटे चालले की शिंगोन या बौद्ध पंथाचे दाइशो-इन मंदिर येते. परंपरा याची स्थापना ८०६ साली कूकाई या आचार्यांनी केल्याचे मानते. प्रवेश विनामूल्य आहे. मेइजी सम्राटांचा येथे १८८५ मध्ये मुक्काम झाला होता. पायऱ्या चढताना कठड्याऐवजी धातूची फिरती चक्रे हाताला लागतात. त्यांवर महाप्रज्ञापारमिता सूत्र कोरलेले आहे आणि चक्र फिरवल्याने ते वाचल्याचे पुण्य मिळते अशी श्रद्धा आहे. दुसऱ्या एका वाटेवर पाचशे अर्हतांच्या दगडी मूर्ती आहेत. प्रत्येकाचा चेहरा निराळा, आणि बहुतेकांच्या डोक्यांवर भक्तांनी विणलेल्या लोकरी टोप्या. वरच्या बाजूला एका गुहेत शिकोकू बेटावरील ८८ मंदिरांच्या यात्रेतील देवतांच्या मूर्ती असून प्रत्येकीपुढे त्या त्या मंदिरातील वाळू ठेवलेली आहे. येथे टाळ्या वाजवायच्या नाहीत, बौद्ध मंदिरात हात जोडून नमस्कार पुरेसा आहे.

या एका मंदिराला निदान एक तास द्यावा. मुख्य मंदिरापेक्षा येथे गर्दी कितीतरी कमी असते, आणि माझ्या मते बेटावरचे सर्वांत निवांत ठिकाण हेच.

जेवण, विशेषतः शाकाहारी प्रवाशांसाठी

बेटाची ओळख असलेले पदार्थ म्हणजे अनागो या समुद्री बामेसारख्या माशाचा भात आणि भाजलेले कालव. मत्स्याहारींना येथे काहीच अडचण नाही. शाकाहारींनी मात्र आधी तयारी करावी, कारण साध्या दिसणाऱ्या नूडल्सच्या रश्श्यातही सुक्या माशाचा अर्क असतो. हिरोशिमा किंवा मियाजिमागुचीच्या दुकानांतून उमेबोशी (खारवलेले आंबट फळ) किंवा कोंबू (समुद्री शेवाळ) घातलेल्या ओनिगिरी, म्हणजे भाताच्या मुटक्या, घेऊन ठेवाव्यात, घरून आणलेला चिवडा किंवा खाकरा असेल तर उत्तमच. उघड्यावर खाताना हरणांचा पहारा असतो, त्यामुळे बाकावर डबा उघडण्यापूर्वी आजूबाजूला पाहून घ्यावे. मेपलच्या पानाच्या आकाराचे, अझुकी या लाल कडधान्याच्या गोड सारणाचे मोमिजी मांजू दुकानात समोरच भाजून मिळतात. त्यांच्या पिठात अंडे असते, हे अंडे न खाणाऱ्यांनी लक्षात घ्यावे.

दुपार: पॅगोडाची टेकडी आणि १५५५ ची लढाई

जेवणानंतर पुन्हा मंदिराच्या पूर्वेकडे येऊन पाच मजली पॅगोडा असलेल्या टेकडीच्या पायऱ्या चढाव्यात. पॅगोडा १४०७ चा, उंची २७.६ मीटर. आत जाता येत नाही. त्याचा मधला खांब जमिनीपर्यंत पोहोचत नाही, दुसऱ्या मजल्यावरच थांबतो. बेटावरील लाकडी वास्तूंची डागडुजी आळीपाळीने चालूच असते, त्यामुळे एखादी वास्तू परांची-कापडात गुंडाळलेली दिसण्याची शक्यता गृहीत धरून निघण्यापूर्वी चौकशी करावी.

हीच टेकडी १५५५ च्या शरद ऋतूत मोरी मोतोनारीचा शत्रू सुए हारुकाता याच्या सैन्याचा तळ होती. मोरी मोतोनारीने धक्क्याजवळच्या एका उंचवट्यावर मियाओ किल्ला मुद्दाम उभारून शत्रूला बेटावर यायला भाग पाडले, असे सांगितले जाते. मग त्याने वादळी रात्री बेटाच्या पलीकडच्या त्सुत्सुमिगाउरा खाडीत सैन्य उतरवले, डोंगर ओलांडला आणि पहाटे तळावर मागून हल्ला केला. अरुंद किनाऱ्यावर सुएच्या मोठ्या फौजेला हालचालीला वाव उरला नाही. पॅगोडाजवळ उभे राहून एकीकडे डोंगर आणि दुसरीकडे समुद्र पाहिला की हा डाव का साधला ते नकाशाशिवाय कळते. विजयानंतर मोतोनारीने मंदिर धुऊन काढले आणि रक्त सांडलेली माती बेटाबाहेर नेऊन टाकायला लावली. मियाओ किल्ल्याच्या जागी आज फारसे अवशेष नाहीत, त्यासाठी वेगळा वेळ राखण्याची गरज नाही.

पॅगोडाला लागूनच सेंजोकाकु आहे. तोयोतोमी हिदेयोशीने १५८७ साली युद्धातील मृतांसाठी सूत्रपठण करण्याकरिता हे सभागृह बांधायला सांगितले आणि काम अन्कोकुजी एकेई या भिक्षूकडे सोपवले. १५९८ मध्ये हिदेयोशी वारला आणि काम तेथेच थांबले. नाव हजार चटयांचे असले तरी आकार ८५७ तातामींचा आहे. प्रवेशशुल्क १०० येन, वेळ सकाळी साडेआठ ते दुपारी साडेचार. बूट काढून आत जायचे. हिवाळ्यात जाड मोजे हवेत, कारण फरशी बर्फासारखी गार असते. वर पाहिले तर छताला फळ्या नाहीत, तुळया उघड्याच आहेत. भिंतीही नाहीत, वारा आरपार जातो. तुळयांवर जुने लाकडी चित्रफलक आणि प्रचंड भातवाढ्या, म्हणजे भात वाढायचे लाकडी पळे, टांगलेल्या आहेत. या भातवाढ्यांचा उद्योग अठराव्या शतकाच्या अखेरीस सेइशिन नावाच्या भिक्षूने बेटवासीयांना शिकवला, आणि त्यांचा आकार बेन्झाइतेनच्या बिवेवरून घेतल्याचे मानले जाते. अर्धवट राहिल्यामुळे जपानी सुतारकामाची हाडे येथे जशी दिसतात तशी पूर्ण झालेल्या कोणत्याही सभागृहात दिसत नाहीत. तीनच्या आत येथून खाली उतरावे.

ओहोटी: कमानीच्या पायथ्याशी

ओहोटीच्या नेमक्या वेळेच्या तासभर आधी-नंतर वाळवंट उघडे असते. बूट चिखलाने भरतात, त्यामुळे जुने बूट घालावेत. सध्याची कमान १८७५ सालची, उंची सुमारे १६.६ मीटर, वजन सुमारे ६० टन. तिचे दोन मुख्य खांब कापराच्या प्रचंड वृक्षांचे असून ते समुद्रतळात पुरलेले नाहीत. तळाखाली ठोकलेल्या पाइनच्या मेखांच्या पायावर कमान केवळ स्वतःच्या भाराने उभी आहे. भार पुरेसा व्हावा म्हणून वरच्या पोकळ तुळईत सुमारे सात टन दगड भरले आहेत, आणि चार आधारखांब तिला पुढे-मागे कलू देत नाहीत. जवळ गेल्यावर खांबांचे मूळ वाकडेतिकडे, झाडासारखेच आहे हे दिसते. वर पूर्वेच्या बाजूला सूर्याचे आणि पश्चिमेला चंद्राचे चिन्ह शोधावे. लाकडाच्या चिरांत नाणी खुपसण्याची टूम पर्यटकांत पडली होती. त्याने लाकूड बिघडते, म्हणून तसे करू नये. २०१९ ते २०२२ या काळात कमानीची मोठी दुरुस्ती झाली आहे.

भांगाच्या दिवशी आले असाल तर

अशा दिवशी भरती साधारण दुपारी येते, म्हणून वरचा क्रम उलटा करावा: सकाळी सेंजोकाकु आणि पॅगोडा, मग वरच्या गल्लीतून दाइशो-इन, जेवण, संग्रहालय, आणि तीनच्या सुमारास मंदिर. मंदिरातून पश्चिमेकडे बाहेर पडून दाइगान-जी पाहावे आणि किनाऱ्याने परत यावे. कमान दुरूनच पाहावी लागेल, पण जाताना बोटीतून ती जवळून दिसलेली असू शकेल.

मिसेन पर्वत

५३५ मीटर उंचीच्या मिसेनवर रोपवेने जाता येते, पण शेवटच्या स्थानकापासून शिखरापर्यंत आणखी अर्धा तास चढउतार चालावे लागते. शिखराजवळील रेइकादो या सभागृहात कूकाईंच्या काळापासून तेवत असल्याचे मानले जाणारे अग्निकुंड आहे. हिरोशिमाच्या शांती उद्यानातील ज्योतीसाठी तेथील अग्नीही वापरला गेला. सर्व मिळून तीन तास सहज जातात. मिसेन आणि वरील सर्व स्थळे एकाच दिवसात बसवण्याचा हट्ट धरल्यास दोन्ही धावपळीत उरकली जातात. मिसेन हवाच असेल तर संग्रहालय आणि रत्नालय सोडावे, सकाळी मंदिर झाल्यावर लगेच रोपवे गाठावा, आणि रोपवेच्या परतीच्या शेवटच्या फेरीची वेळ वर जातानाच पाहून ठेवावी.

परतताना दुकानांनी गजबजलेल्या ओमोतेसांदो या रस्त्याऐवजी त्याला समांतर असलेली माचिया गल्ली धरावी. जुनी लाकडी घरे तेथे अजून आहेत. ओमोतेसांदोवरील ७.७ मीटर लांबीची भातवाढी पाहायची असेल तर मध्येच दोन मिनिटे तिकडे वळून यावे. बहुतेक दुकाने व खाणावळी पाचच्या सुमारास बंद होतात. सूर्यास्तानंतर मंदिर आणि कमान प्रकाशझोतात उजळतात आणि फेरीबोटी रात्री उशिरापर्यंत चालू असतात, तरी त्यांतील अंतर वाढत जाते. म्हणून रोषणाईसाठी थांबणाऱ्यांनी खाण्याचे चार वाजताच घेऊन ठेवावे आणि शेवटच्या दोन बोटींच्या वेळा सकाळी धक्क्यावर उतरतानाच टिपून घ्याव्यात.